हरिण-उंदराच्या वारेत आई-बापांच्या जनुकांचे भांडण खरोखर चालते का?

येऊरची पायवाट:
रविवारी येऊरच्या फेरीत निघालेला विषय इथे मांडतो, कारण खाली उतरेपर्यंत त्याचा निकाल लागला नाही. उत्तर अमेरिकेतील हरिण-उंदीर, म्हणजे पेरोमिस्कस, याच्या दोन जवळच्या जातींचा संकर केला, तर आई कोणत्या जातीची यावर सगळे ठरते. मॅनिक्युलाटस मादी आणि पोलिओनोटस नर असतील, तर पिल्ले लहान चणीची पण धडधाकट निघतात. उलट जोडीत मात्र वार (गर्भाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव, प्लासेंटा) आणि गर्भ बेसुमार वाढतात आणि बहुतेक गर्भ जन्माआधीच दगावतात. मॅनिक्युलाटसच्या एकाच वेतात दोन बापांची पिल्ले असू शकतात, तर पोलिओनोटस जोडीने राहतो. ज्या बापाला त्या मादीच्या पुढच्या वेताशी देणेघेणे नाही, त्याची जनुके आईकडून जास्तीत जास्त पोषण ओढतात आणि आईची जनुके त्यांना आवर घालतात, हे उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ डेव्हिड हेग यांचे म्हणणे इथे चपखल बसते, असे माझे मत आहे.

दाणाबाजार, वाशी:
इतके चपखल बसते म्हणूनच मला शंका येते. ‘ही प्रत आईची, ही बापाची’ असे ओळखून जनुकाची एक प्रत गप्प ठेवणारी रासायनिक खूणच या संकरांत विस्कटते, हे पॉल व्राना, शर्ली टिलमन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवले. रस्सीखेचीत दोरच तुटला असेल, तर कोणता पैलवान भारी होता हे कसे सांगणार? शिवाय वारेतली सगळी प्रथिने या भांडणाच्या खाती टाकू नयेत. घरातल्या उंदराच्या 13व्या गुणसूत्रावर प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या कुळातली वीसहून अधिक जनुके ओळीने बसलेली आहेत. माणसात प्रोलॅक्टिनचे जनुक एकच, आणि आपल्या वारेतले लॅक्टोजेन हे संप्रेरक येते ते वाढ-संप्रेरकाच्या कुळातून, 17व्या गुणसूत्रावरून. त्या लॅक्टोजेनची जनुकेच नसलेल्या गर्भांचेही दिवस सुखरूप भरल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ज्याच्यावाचून काही अडत नाही, ते हत्यार कसले?

येऊरची पायवाट:
दोराचा मुद्दा मान्य. खुणा विस्कटल्याचे मी मांडायला हवे होते. पण उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी 1974 मध्ये मांडलेल्या आई आणि अपत्य यांच्यातल्या झगड्याला अशी खूण लागतच नाही. वारेतली ही संप्रेरके गर्भाच्या बाजूच्या पेशी बनवतात आणि ती काम करतात आईच्या शरीरावर. आई ऐकेनाशी झाली की गर्भाने आवाज चढवायचा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले, तर एका जनुकाच्या वीस प्रती होणे आणि त्यातली एखादी गेली तरी न अडणे, हे दोन्ही अपेक्षितच आहे.

निवृत्त शिक्षिका, नौपाडा:
प्रात्यक्षिकात गाभण उंदरीचे पोट उघडले, की गर्भाशयाची दोन शिंगे आणि त्यांत मण्यांसारखे ओवलेले गर्भ दिसत, आणि वर्ग एकदम शांत होई. एकेका मण्याची वार वेगळी असते, हे मुलांना हाताने दाखवावे लागे. तुम्ही दोघेही घरातल्या उंदराचे आकडे हरिण-उंदराला लावता आहात. पेरोमिस्कस हा हॅमस्टरच्या कुळातला. त्याच्या वारेतली जनुके त्याच्यातच मोजली पाहिजेत. दुसरे असे की, गर्भारपणातली पीएसजी नावाची ग्लायकोप्रथिने (साखर जोडलेली प्रथिने) घरातल्या उंदरात 17 जनुकांवरून बनतात, आणि त्यांतली काही प्रथिने टीजीएफ-बीटा हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे प्रथिन जागे करून आईची प्रतिकारशक्ती सौम्य करतात. गर्भ टिकण्यात आईचाही स्वार्थ आहे. तिथे भांडणापेक्षा समेटच जास्त दिसतो.

येऊरची पायवाट:
बाई, समेटाच्या अटी कोणी ठरवल्या, हा प्रश्न उरतोच.

दाणाबाजार, वाशी:
मग तपासणी सोपी आहे. एका वेतात अनेक बाप असणाऱ्या जातींत वारेतली ही जनुके जोडीने राहणाऱ्या जातींपेक्षा वेगाने बदललेली दिसायला हवीत, आणि तीही केवळ एका जोडीत नव्हे, तर पेरोमिस्कसच्या बऱ्याच जातींत. तसे दिसले, तर मी माझे म्हणणे मागे घेईन.