६ फुटी फिशटँकला संप करतोय, लाइट गेली तर?

ऑस्करवेडा_नाशिक
नमस्कार मंडळी, सेकंडहँड ६×२×२ फुटांचा टँक घेतलाय, ४ ऑस्कर आणि १ प्लेको मासा, आणि ऑस्कर किती घाण करतात ते तुम्हाला सांगायला नको, टॉप फिल्टर पुरतच नाही म्हणून स्टँडमध्ये संप (म्हणजे टँकखालची फिल्टरची टाकी) करायचं ठरवलं (घरी सांगितलं तर बायको म्हणे, कोणाविरुद्ध?). जागा ३ फूट बाय सव्वा बाय सव्वाचीच आहे. काचेला होल नाही, पीव्हीसीचा ओव्हरफ्लो (सायफनने पाणी संपात उतरवणारा पाइप) करतोय. दुकानदार म्हणतो तासाला ४००० लिटरचा पंप लाव, बाकी काही बघू नको. आमच्याकडे लाइट सारखी जाते. मीडिया (फिल्टरमध्ये भरायचं मटेरियल) कुठला टाकू?

काचवाला
मीडिया राहू दे रे, आधी लाइटचं बघ. रिटर्नचा पाइप (पंपाचं पाणी वर टँकमध्ये नेणारा) वर पाण्यात किती बुडालाय? ६ इंच असेल तर पंप बंद पडला की तोच पाइप उलटा सायफन होऊन ६ इंच पाणी खाली ओढणार. तुझ्या टँकचं १ इंच म्हणजे साधारण २८ लिटर, म्हणजे १७० लिटर, आणि तुझा अख्खा संपच १३० चा! पाण्याच्या लेव्हलच्या अर्धा इंच खाली पाइपला बारीक होल पाड, तिथून हवा शिरली की सायफन तुटतो.
आणि ४००० हे बॉक्सवरचं, चार-पाच फूट वर चढवताना बरंच कमी होतं. ६८० लिटरच्या टँकला तासाला ३००० वर पोचले तरी बास.

मत्स्यताई
होलवर शेवाळ धरतं हां, दर आठवड्याला टूथपिक घाला. मी नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या) भरवशावर होते, त्यात गोगलगाय अडकली, रात्री दोनला खालच्या काकू दारात, त्यांच्या छतातून थेंब थेंब.
दुसरं म्हणजे पीव्हीसी ओव्हरफ्लोचा सायफन तुटला असेल तर लाइट आल्यावर पंप वर टाकतच राहतो आणि खाली काहीच येत नाही. म्हणून पंपाचा कप्पा छोटा ठेवा, टँकच्या वरच्या मोकळ्या जागेत मावेल तेवढाच. पंप कोरडा पडून जळेल फार तर, फरशी तरी वाचेल.

काचवाला
+१. मीडिया म्हणशील तर आधी फ्लॉस (कचरा अडवणारा कापसासारखा थर), मग सिरॅमिक रिंग. बजेट नसेल तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीच्या घासण्या आण, साबणवाल्या नको, तारेच्या तर अजिबात नको. धुताना टँकचंच काढलेलं पाणी वापर, नळाच्या क्लोरीनने मीडियावरचे घाण पचवणारे बॅक्टेरिया मरतात. संपात ते बॅक्टेरिया तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून जुना टॉप फिल्टर महिनाभर चालूच ठेव.

ऑस्करवेडा_नाशिक
होल पाडलं, आज मुद्दाम प्लग काढून बघितलं. संप भरत भरत काठाच्या चार बोटं खाली थांबला, तोवर मी पोछा घेऊन शेजारीच बसलो होतो. पाच वेळा केलं, परत चालू करताना सायफन एकदाच अडकला. आता ओव्हरफ्लोचा गडगड आवाज येतोय, आई म्हणते संडासची टाकी गळतेय, ह्याला काय करू?

मत्स्यताई
खाली येणाऱ्या पाइपच्या तोंडाला टी (T आकाराचा जोड) बसवा, वर टोपी, टोपीला बारीक होल. पाइपचं खालचं टोक पाण्यात इंचभरच बुडवा.