चढावर पायांच्या आधी श्वास संपतो. श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम खरोखर उपयोगी पडतो का?

पाखाडी (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. आमचे घर खाडीलगत आणि कलमांची बाग वर सड्यावर असल्यामुळे पाखाडी, म्हणजे चढणीची दगडी पायवाट, चढल्याशिवाय आमचा दिवस जात नाही. वयाची पन्नाशी ओलांडली असली तरी सपाटीवर मी सकाळी विनासायास धावतो. परंतु चढ लागला की पाय ताजे असतानाच धाप लागते आणि वरच्या गडग्याला हात टेकून उभे राहावे लागते. डॉक्टरांनी ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) करून घेतली, त्यात काहीही दोष निघाला नाही. धूम्रपान मी कधी केलेले नाही.

धावणाऱ्या एका मित्राने तोंडात धरून श्वास आत ओढायचे, स्प्रिंगचा ताण असलेले छोटे यंत्र सुचवले आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर आणलेले तीन चेंडूंचे यंत्र घरी पडून आहे; त्यावर भागेल का? आणि रोज अनुलोम-विलोम करणाऱ्याला या खटाटोपाची गरज आहे का? जाहिरातीत तर फुप्फुसे मोठी होतात असेच छापले आहे.

फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी

तपासण्या आधी करून घेतल्यात हे उत्तम झाले, कारण धाप हे लक्षण आहे आणि हृदयविकार, पंडुरोग किंवा दमा असताना यंत्र ओढत बसणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि उपाय दुसरीकडे.

जाहिरातीतले वाक्य सोडून द्या. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नसतात. श्वास आत घेण्याचे काम मुख्यतः श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू) आणि बरगड्यांमधले स्नायू करतात आणि धाप लागली की मानेचे स्नायूही मदतीला येतात. मोठ्या श्रमात शरीराला लागणाऱ्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे १० टक्के आणि कसलेल्या खेळाडूंमध्ये १५ टक्क्यांपर्यंत वाटा एकटे हे स्नायूच खातात. ते थकू लागले की त्यांच्याकडून निघालेल्या संदेशामुळे हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे श्वासाची थकवण पायांनाही भोगावी लागते. व्यायामाने हे स्नायू बळकट झाले की ही वेळ पुढे ढकलली जाते आणि तेवढ्याच श्रमात धाप कमी जाणवते. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते माप, मात्र बहुधा आहे तेवढाच राहतो.

आता तीन चेंडूंचे यंत्र. त्यावर छापलेले ६००, ९०० आणि १२०० हे आकडे सेकंदाला किती घनसेंटिमीटर हवा आत गेली ते सांगतात. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांचा तळ मिटून जाऊ नये म्हणून दीर्घ श्वास घ्यायला लावणे, एवढाच त्याचा हेतू आहे. त्यात तुम्ही सावकाश ओढलेत की ताण उरतच नाही. स्प्रिंगच्या यंत्रात ठरलेला दाब गाठल्याखेरीज झडप उघडत नाही, त्यामुळे ताण मोजून वाढवता येतो. नेमके हेच अनुलोम-विलोमात होत नाही. प्राणायामाने श्वास संथ होतो, त्यावर ताबा येतो, तो अवश्य चालू ठेवावा. पण त्याने स्नायूंवर चढता भार पडत नाही. फुगे फुगवण्याचा सल्लाही अनेकजण देतात, पण त्यात श्वास सोडण्याचे स्नायू राबतात आणि तुमची अडचण श्वास घेण्याची आहे.

पद्धत अशी की नाकाला चिमटा लावून ताठ बसावे, श्वास पूर्ण सोडावा, मग जोराने व वेगाने आत ओढावा आणि सावकाश, सैलपणे सोडावा. असे ३० श्वास सकाळी आणि ३० संध्याकाळी. भार जास्तीत जास्त ताकदीच्या निम्म्याच्या आसपास असावा; दाब मोजण्याची सोय नसेल तर तिसावा श्वास कसाबसा पुरा होईल एवढा ठेवावा आणि तो सोपा वाटू लागला की वाढवावा. ४ ते ६ आठवड्यांत फरक कळतो, पुढे आठवड्यातून २-३ दिवस पुरतात. चक्कर आल्यास थांबावे. फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा प्रकार पूर्वी झाला असेल, कानाचा पडदा फाटला असेल, छातीची वा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा दमा आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र तोंडाला लावू नये.

चिवला किनारा

मी मालवणला समुद्रात पोहतो. आम्हा पोहणाऱ्यांना याचा उपयोग धावणाऱ्यांपेक्षा लवकर कळतो, कारण पाण्यात छातीवर बाहेरून दाब असतो आणि मान वळवून श्वास घ्यायला क्षणभरच मिळतो. श्वासाची ताकद डॉक्टर 'सेंटिमीटर पाणी' या मापात मोजतात, ते इथे सहज पटते: छाती मीटरभर खोल असताना नळीने वरची हवा ओढायची तर जवळपास १०० सेंटिमीटर दाब लागेल आणि धडधाकट माणसाची सारी ताकद साधारण तेवढीच असते. स्नॉर्केलची नळी आखूड का, याचे एक कारण हेच.

एक इशारा विषयाला धरूनच देतो. कालवांसाठी किंवा पैजेखातर बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेणे हा श्वासाचा व्यायाम नव्हे. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि तोवर प्राणवायू संपून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो.

सोनचाफा

माझ्या आईने जन्मभर नारळाची सोडणे आणि चुडते (सालपटे आणि झावळ्या) जाळून चुलीवर रांधले. विडीला कधी हातही न लावता तिला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार) झाला. विहिरीवरून कळशी आणताना ती दोनदा टेकते. तिला हे यंत्र द्यावे का?

फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी

ताई, त्यांच्या बाबतीत ते आपल्या मनाने देऊ नये. सीओपीडीत हवा आत अडकून श्वासपटल सपाट होते, त्यामुळे त्याला मुळातच कमी जोर मिळतो. श्वास ओढण्याचा दाब मोजून तो फारच कमी, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या खाली भरला, तर हलक्या भारापासून देखरेखीखाली सुरुवात करता येते. मुख्य आधार इनहेलर आणि रोजचे बेताचे चालणे हाच. आजपासून त्यांना एवढे शिकवा: नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना होतात तसे ओठ करून दुप्पट वेळ लावत सोडायचा, कळशी उचलताना श्वास रोखायचा नाही, तो सोडत उचलायची. आणि चूल घरातून गेलीच पाहिजे, निदान धूर तरी.

पाखाडी

आभारी आहे. स्प्रिंगचे यंत्र घेतो. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनाही बुरशी धरते, तेव्हा ते स्वच्छ कसे ठेवावे?

फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी

वापरल्यावर सुटे करून कोमट साबणपाण्याने धुवा आणि पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत डब्यात बंद करू नका. तोंडात धरायचा भाग घरात दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नये. सर्दी किंवा कानदुखी असेल ते दिवस सोडावेत. आणि दादा, चढावर पहिल्या वळणापर्यंत वेग मुद्दाम कमी ठेवून आठवड्यातून दोनदा पाखाडी चढण्याचाच सराव करा, कारण यंत्र त्या सरावाला जोड म्हणून आहे.