ध्वन्यालोक वाचन: शनिवारचं एकदा काय ते ठरवा

बी-२०३: नमस्कार. ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथाच्या वाचनाची लिंक काल साडेसातला टाकली, आठ वाजले तरी आम्ही तिघंच. गेल्या पावसाळ्यात दोन बैठकांत वाचन बंद पडलं ते याच पायी. यायचं नसेल तर तसं सांगा. अंगठा दाखवून गायब होऊ नका.

ए-३०१ सर: बाय, मी सात पंचविसालाच हजर होतो.

सी-१०२: प्रत कुठली वाचताय ते आधी ठरवा. माझ्या पान ४१ वर दुसरंच काहीतरी आहे.

बी-१०४: वैनी, वीज गेली होती. रागावू नका.

ए-२०२ खजिनदार: वीज सगळ्यांचीच गेली होती. इन्व्हर्टरवालेही आले नाहीत.

बी-१०४: हे मला उद्देशून का?

ए-२०२ खजिनदार: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

ए-३०१ सर: न बोलता सुचवलेला अर्थ. ‘ध्वन्यालोक’कार आनंदवर्धन यालाच ध्वनी म्हणतो 🙏

सी-१०१: जिन्याखालची स्कूटर कुणाची? आजींना चढताना त्रास होतोय.

सचिव: सर्वांना विनंती, हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि मेन्टेनन्ससाठी आहे. वाचनाचा वेगळा ग्रुप करावा.

बी-२०३: सकाळी फुलांचे चाळीस फोटो येतात तेव्हा ही विनंती कुठे असते, सचिवभाऊ?

सी-१०२: पान जुळत नाही हो.

सी-३०३: सर, राग मानू नका, पण पहिल्या कारिकेवरच, एका सूत्रश्लोकावर, तीन शनिवार गेले. अभिनवगुप्ताचं लोचन, म्हणजे या ग्रंथावरची टीका, वाचायचंच आहे. तरी आधी मूळ आणि मराठी अर्थ असं पुढे जाऊ या ना. चार उद्योत, म्हणजे प्रकरणं, आहेत.

ए-३०१ सर: त्या एका कारिकेत विरोधकांचे तीन पक्ष आहेत. ध्वनी नाहीच म्हणणारे, तो लक्षणेतच, म्हणजे शब्दाच्या गौण अर्थातच, येतो म्हणणारे आणि तो शब्दांत सांगता येत नाही म्हणणारे. त्यांचं नीट ऐकल्याशिवाय आनंदवर्धन स्वतःचं मांडत नाही. आपण कसे पुढे पळणार? घाई असेल तर मी बाजूला होतो.

सी-३०३: असं नका ना म्हणू, सर. ‘भम धम्मिअ’ तुम्ही समजावलीत म्हणून तर मी चिकटले. आईलाही सांगितली.

सी-१०१: ती काय आहे? आणि स्कूटर?

ए-३०१ सर: गाथासप्तशती या जुन्या काव्यसंग्रहातली गाथा, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली. गोदावरीकाठच्या कुंजात एका बाईचं भेटीचं ठिकाण आहे. एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला नेमके तिथेच येतात. ती म्हणते, आता खुशाल फिरा. तुम्हाला भिववणारा तो कुत्रा मेला, कुंजातल्या सिंहानं मारला. तोंडानं ‘फिरा’, अर्थ ‘फिरकू नका’. शब्दकोशात हा अर्थ सापडायचा नाही, आणि काव्याचा जीव तोच.

ए-२०२ खजिनदार: मुलंही वाचतात हा ग्रुप.

बी-२०३: वाचू देत. कुत्रा आणि सिंहच आहेत त्यात.

बी-१०४: मराठी भाषांतराचं पीडीएफ कुणी टाकेल का?

बी-२०३: नाही. मूळ ग्रंथ काश्मीरचा राजा अवंतिवर्मा याच्या काळातला, इ. स. ८५५ ते ८८३. तो सगळ्यांचा. भाषांतरामागे कुणाचे तरी कष्ट असतात, अख्खं पुस्तक स्कॅन करून वाटायचं नाही. पणजीला गेलात तर पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. त्या-त्या शनिवारच्या कारिका मी हातानं लिहून फोटो टाकेन.

सी-१०२: पण पान?

बी-२०३: पान विसरा हो! प्रत्येकाची छापील प्रत वेगळी. उद्योत आणि कारिकेचा आकडा बघा.

सी-१०२: गाथेला कारिकेचा आकडा कुठे आहे?

ए-३०१ सर: पहिला उद्योत, चौथ्या कारिकेखालची वृत्ती, म्हणजे गद्य स्पष्टीकरण. तिथे सापडेल.

सी-१०२: सापडली! माझ्याकडे ५३ वर आहे. देव बरें करूं.

सचिव: वेगळा ग्रुप केला आहे. मलाही त्यात घेतलं आहे.

सी-३०३: सर, पाऊण तास मूळ, शेवटची पंधरा मिनिटं लोचन. चालेल?

ए-३०१ सर: वीस.

बी-२०३: वीस. शनिवारी सव्वाआठ, १.४ पासून. बी-१०४, गाथा तुम्ही मोठ्यानं वाचा. तुमचा आवाज चांगला आहे.

बी-१०४: वाचतो. पण वैनी, आमचा इन्व्हर्टर महिनाभर बंद आहे. कुणाला सांगितलं नव्हतं.

ए-२०२ खजिनदार: मग सांगायचं ना आधी. वीज गेली तर आमच्याकडे येऊन बसा. चार्जर आणा.

सी-१०१: स्कूटर??