टकमक : रोखलेली नजर की भिरभिरती?

‘टकमक पाहणे’ म्हणजे डोळे मोठे करून एकसारखे बघणे, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न उरतो तो ‘मक’चा. ‘टक’ कळतो. टक लावून बघणे, एकटक बघणे यांत तो सुटा सापडतो, आणि हिंदीतली ‘टकटकी’ त्याच्याच घरातली. ‘मक’ मात्र एकटा कुठेच भेटत नाही. त्याचे मूळ संस्कृतात शोधण्याचा खटाटोप मला व्यर्थ वाटतो, कारण तो ‘टक’चा नादानुकारी जोडीदार आहे.

मराठीतले असे जोडशब्द जरा मोठ्याने म्हणून बघा. खटपट, झटपट, धडपड, गडबड, लगबग, कुजबुज, चुळबुळ, तळमळ, तगमग, डळमळ. दुसरा भाग बहुतेक वेळा ओठांनी उच्चारायच्या वर्णाने सुरू होतो : प, ब किंवा म. ‘चहाबिहा’, ‘शेजारीपाजारी’, ‘अघळपघळ’ यांतही तेच. पहिल्या भागाला अर्थ असतो, दुसरा त्याचा पडसाद असतो. टकमक या साच्यात अगदी नेमका बसतो.

त्यातही ‘म’ घेणारे शब्द वेगळे काढून पाहावेत असे मला वाटते. तळमळ, तगमग, डगमग, डळमळ, झगमग. यांतली कुठलीच क्रिया एका झटक्यात संपत नाही. ती चालूच राहते आणि तिच्यात एक हेलकावा असतो. ‘प’वाले खटपट, झटपट, धडपड त्यामानाने ठाशीव. टकमकला मी या हेलकाव्याच्या बाजूला ठेवीन. टक लावणारा माणूस एका बिंदूवर स्थिर असतो आणि काय बघतोय हे त्याला माहीत असते. टकमक बघणाऱ्याचे डोळे सताड उघडे असतात, पण नजर इकडून तिकडे जात असते आणि समोरच्या गोष्टीचा अर्थ अजून लागलेला नसतो.

म्हणूनच हा शब्द तान्ह्या बाळाला इतका शोभतो. मोठी माणसे मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतात, तान्ही मुले मात्र जेमतेम दोन-तीन वेळा. दिव्याकडून आईच्या चेहऱ्याकडे, तिथून पुन्हा दिव्याकडे असे ते न लवणारे डोळे फिरत राहतात, त्याला टकमकहून नेमका शब्द माझ्या माहितीत नाही. आणि कामाच्या वेळी ‘नुसता टकमक बघत काय उभा राहिलास, हात लाव की!’ असे कुणी ओरडते तेव्हा राग बघण्याचा नसतो, न उमगल्यासारखे उभे राहण्याचा असतो.

वाक्यातही हा शब्द स्वतःची जागा धरून असतो. ‘टकमक बघत राहिला’, ‘माझ्याकडे टकमक बघतोय’ हे सहज येते. ‘तिने त्याला टकमक पाहिले’ हे कानाला खटकते, कारण क्रिया तिथे पुरी होऊन जाते. ‘टकमक नजरेने’ हेही मला कृत्रिम वाटते. बोलण्यात ‘टकामका’ सर्रास ऐकू येतो. दोन्ही भाग लांबवले की बघणे जरा जास्तच चालले आहे असा भाव येतो.

शेजारचे शब्द इथे बदली म्हणून चालत नाहीत. डोळे वटारण्यात राग आणि दटावणी असते, रोखून बघण्यात हेतू. ‘विस्फारलेले’ डोळे आश्चर्याचे किंवा भीतीचे. त्यात संस्कृत ‘स्फार’ म्हणजे विस्तीर्ण. ‘अनिमिष’ची गोष्ट तर फारच सुंदर. नि + मिष् म्हणजे डोळा मिटणे. पापणी लवायला लागणारा वेळ तो निमिष. देवांच्या पापण्या लवत नाहीत, म्हणून ते अनिमिष. महाभारतातल्या नलोपाख्यानात दमयंतीपुढे नळाच्या रूपात चार देव उभे राहतात, तेव्हा त्यांचे न लवणारे डोळे, घाम नसलेले अंग, न पडणारी सावली यांवरून ती खरा नळ ओळखते. त्याच मिष् धातूपासून ‘उन्मेष’, म्हणजे मुळात डोळा उघडणे. ‘नवोन्मेष’ लिहिताना हे ध्यानात असले तर शब्द किती जिवंत वाटतो!

साच्यावरून व्युत्पत्ती लावताना एक धोका आहे, तो ‘चकमक’चा. तो दिसायला टकमकचा भाऊ, पण आला तुर्कीतून : ‘चाकमाक’, ठिणगी पाडायची गारगोटी. त्यातला ‘मक’ पडसाद नाही. टकमकच्या बाबतीत ‘टक’ मराठीत स्वतंत्रपणे नांदतो, हाच मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

रायगडावरच्या टकमक टोकाचा दाखला या शब्दासाठी नेहमी दिला जातो. कड्याखालची खोल दरी बघून डोळे विस्फारतात हे खरे, पण स्थळनामांची घडण वेगळ्या वाटांनी होते. शब्दाचा अर्थ त्यावरून ठरवू नये. तो रोजच्या बोलण्यातूनच काढावा, आणि तिथे पुरावा मुबलक आहे.