झोपेत किंचाळून उठणाऱ्या मुलीसाठी मदत हवी आहे
नमस्कार. माझी 4 वर्षांची मुलगी झोपल्यानंतर तास-दीड तासात किंचाळत उठून बसते. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेले, पण ती आम्हाला ओळखत नाही आणि सकाळी तिला काहीच आठवत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या मते ही दुःस्वप्ने नसून गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याचा प्रकार आहे, म्हणून तिला जागे न करता केवळ इजा होणार नाही एवढे पाहायचे. सासूबाई दृष्ट काढतात, त्याला माझी हरकत नाही. मात्र गदागदा हलवल्याने तिचे रडणे लांबते, हे त्यांना न दुखवता कसे सांगावे? दुपारची झोप सुटल्यापासून हे वाढले, असे मला वाटते. किंचाळण्याच्या नेहमीच्या वेळेआधी 15 ते 30 मिनिटे हलकेच जागे करण्याचा उपाय कोणी नेमाने केला असल्यास कृपया अनुभव कळवावा.