मदत हवी आहे: पेशींना दिशा कोण दाखवतं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. एका पोरीच्या प्रश्नानं चार दिवस झोप उडाली आहे.

रासायनिक संकेत समजवायला मी आपली शेंगा चटणी वापरते. कुटायला लागले की वास येतो, जिकडे जास्त तिकडे पाय वळतात. झेब्रा माशाच्या भ्रूणात मात्र ही उपमा आपटली. तिथं साधारण शंभर पेशींचा गठ्ठा कानाजवळून निघतो आणि कातडीखालून शेपटीकडे सरकतो. वाटेत सीएक्ससीएल१२ या रासायनिक संकेताचा पट्टा असतो, पण तो सगळीकडे जवळजवळ सारखाच! मग पोरगी म्हणाली, "मॅडम, सगळ्या गल्लीत सारखाच वास असला तर दुकान कुठल्या टोकाला?"

वाचलं तेव्हा कळलं, की गठ्ठ्याच्या मागच्या पेशी सीएक्ससीआर७ नावाच्या ग्राहीनं (पेशीवरचं, संकेत पकडणारं प्रथिन) तो संकेत गिळत जातात. म्हणजे मागं कमी, पुढं जास्त. चढ हा गठ्ठाच तयार करतो. भारीच आहे हे.

आता अडलंय ते असं: पट्टा मध्येच तुटलेल्या भ्रूणांत गठ्ठा वळून उलटा डोक्याकडे चालू लागतो. मग मुळात पहिलं पाऊल शेपटीकडेच कशानं पडतं? कुणी भ्रूणशास्त्रात काम करत असेल तर सोप्या मराठीत सांगा ना.

आणि आमच्याकडे कोंबडीच्या भ्रूणाच्या जुन्या स्लाइड्स आणि साधे मायक्रोस्कोप एवढंच आहे. स्लाइडवरचं सगळं थिजलेलं. पेशी सरकताना दाखवायला स्वस्तातलं काही सुचतंय का? सोमवारी तास आहे.