मदत हवी आहे: सहकारी शिक्षणातली मुलं कामाच्या जागी नुसती झाडलोट करतात, करार कसा लिहावा?

शेवटच्या वर्षाची २४ मुलं आहेत. सहकारी शिक्षण म्हणजे शाळेच्या जोडीला कामाच्या जागी शिकणं: सकाळी शाळा, दुपारी तीन तास प्रत्यक्ष काम. जागा मिळाल्या, करारावर सह्याही झाल्या, तरी महिना झाला बरीच मुलं झाडलोट आणि सामान मोजणं यातच अडकली आहेत. हजेरीचे तास भरतात, पण मूल काय शिकलं ते त्यावरून कळत नाही. करारात नेमकं काय लिहावं? भेटी कधी द्याव्यात?

प्रतिसाद १
आधी सही कोणाची आहे ते बघा. सही मालक करतो, शिकवायचं असतं सुपरवायझरला, आणि त्याने तो कागद पाहिलेलाच नसतो. मग तो बिनधोक काम देतो, म्हणजे झाडू. त्याला बैठकीला बोलवा, सहीही घ्या.

करारात 'मदत करणे' हे शब्द नकोत. सहा ते आठ कामं लिहा, प्रत्येकापुढे हत्यार, शिकवणारा, आठवडा आणि कसोटी. उदाहरणार्थ, 'व्हर्नियर कॅलिपरने दहा नगांचा व्यास मोजणे, सुपरवायझरच्या मापाशी फरक ०.०४ मिमीच्या आत.' असं लिहिलं की कॅलिपर, म्हणजे बारीक माप घेण्याचं हत्यार, मुलाच्या हातात द्यावाच लागतो. सुरक्षेचं शिक्षण मात्र यंत्राला हात लावण्याआधी, त्याची सही वेगळी.

पहिली भेट दहा दिवसांच्या आत द्या. उशीर झाला की मुलाचं काम ठरून जातं आणि ते बदलायला कोणी तयार नसतं. मूल आणि सुपरवायझर, दोघांशी वेगवेगळं बोला, एकत्र विचारलं तर 'छान चाललंय' एवढंच ऐकू येतं.

प्रतिसाद २
मला तीन तास हेच मूळ दुखणं वाटतं. कपडे बदलणं, काम समजून घेणं, शेवटी जागा आवरणं यात तासभर जातो. उरलेल्या दोन तासांत पुरं होईल असं काम सुपरवायझर कुठून आणणार? हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात २७ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांपासून ही पद्धत सुरू केली, तेव्हा आठवड्याआड पाळी होती: एक आठवडा वर्ग, एक आठवडा कारखाना. एका जागेवर आलटूनपालटून येणाऱ्या दोघांची जोडी लावली तर जागा रिकामी राहत नाही आणि तुम्हाला १२ जागा पुरतील. मात्र प्रत्येक धडा दोनदा शिकवावा लागेल, तेव्हा वेळापत्रक आधी तपासा.

प्रश्नकर्ती
जोडीचं शिक्षकांपुढे मांडते. गुणांचं काय? सुपरवायझर सरसकट 'चांगले' लिहून देतात.

प्रतिसाद १
'चांगले' लिहायला जागाच ठेवू नका. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: पाहिलं, देखरेखीखाली केलं, एकट्याने केलं. सुपरवायझरने फक्त तारीख टाकायची. गुण शाळेने द्यायचे, आठवड्याच्या एका तासिकेत: माप का चुकलं, पुन्हा कसं घेतलं, हे मूल नोंदवहीवरून समजावतं त्यावर. दोन आठवडे एखादं काम 'पाहिलं'वरच थांबलं असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा. सत्र संपल्यावर भरलेला तक्ता मुलाला द्या, प्रत शाळेत ठेवा. नोकरीच्या अर्जाला तो जोडता येतो.